लहान भरतकामासाठी टाका आणि नक्षी कशी निवडता?

रानजाई
भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे आणि रुखवत मी हौसेने मागून घेतलंय. थर्माकोलचे देखावे नकोत, लग्नानंतर घरात वापरात येतील अशाच वस्तू मांडायच्या, हे भाचीचं आणि माझं आधीच ठरलं आहे. भरतकामाच्या वाट्याला सहा कोस्टर (साधारण चार इंची), एक चष्म्याचं घर, दोन-तीन बुकमार्क आणि तोरणाला लावायची छोटी लटकनं आली आहेत.

मॅटीवर क्रॉस स्टिच शाळेपासून करते. पण या वेळी कॅनव्हासची जाळी आणली आहे. एक १३ ची, एक १८ ची, म्हणजे इंचाला तितके धागे. यात कापड दिसतच नाही, सगळा भाग दोऱ्यानेच भरायचा असतो. टाक्यांचे प्रकार बघायला बसले आणि हरखून गेले: स्कॉच, मोझॅक, गोबेलिन, बारजेलो, ऱ्होड्स... संपतच नाहीत.

आता प्रश्न असा की, चार इंचांत काय बसवायचं हे ठरवता कसं? आधी नक्षी ठरवून तिला टाका शोधता, की आधी टाका आवडतो आणि नक्षी त्याच्यामागून येते? मला वाटतं लहान वस्तूत टाके एक-दोनच असावेत, नाहीतर गर्दी होते. पण सगळं एकाच टाक्यात केलं तर कॅनव्हास घेतला कशाला, असंही मन म्हणतं. अनुभवी मंडळींनी सांगावं.

चिंचपेटी
नक्षीही नंतर आणि टाकाही नंतर. आधी ती वस्तू कोण, कशी हाताळणार ते बघ.

कोस्टरवर कप घासत सरकतो, नखं लागतात, बांगडी अडकते. तिथे लांब टाका नको. कॅनव्हासच्या चार धाग्यांवरून जाणारा उभा टाका १८ च्या जाळीवर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास होतो, पण १३ च्या जाळीवर तोच जवळजवळ आठ मिलिमीटर. आठ मिलिमीटरचा सुटा दोरा कोस्टरवर अडकणारच. म्हणून १३ वर दोन-तीन धाग्यांच्या वर जाऊ नये. चष्म्याचं घर पर्समध्ये किल्ल्यांबरोबर राहतं, त्यालाही हाच नियम. बुकमार्क पातळ हवा, मागे दोऱ्याचे थर साचवणारा टाका नको. लटकनं मात्र कुणी घासत नाही, धुत नाही. सगळी हौस तिथे फेड.

आणि ऱ्होड्स कोस्टरवर अजिबात नको. तो मधे उंच होतो, त्यावर कप डुगडुगतो.

मनमोर
वाचतेय. छान विषय.

धावदोरा
चिंचपेटींना अनुमोदन. माझं मत याहून थोडं कडक आहे. रोज वापरायची वस्तू असेल तर टेंट स्टिच आणि फक्त टेंट स्टिच. तो बारीक तिरपा टाका, एका छेदावर (उभा आणि आडवा धागा एकमेकांना ओलांडतात त्या जागी) एक. तो शिकायलाच बरेच दिवस जातात, कारण पुढून एकसारखा दिसणारा हा टाका तीन रीतींनी घालता येतो आणि तिन्हींची मागची बाजू वेगळी असते.

हाफ क्रॉसला मागे फक्त छोटे उभे टाके येतात. दोरा सर्वांत कमी लागतो, पण सुट्या विणीच्या मोनो कॅनव्हासवर (एकेरी धाग्यांच्या जाळीवर) टाके सरकतात. कॉन्टिनेन्टलमध्ये मागेही लांब तिरका टाका पडतो, वस्तू दोन्हीकडून भरीव होते. मात्र ओळीमागून ओळ एकाच दिशेने ओढली गेल्याने चौकोनाचा पतंग होतो. बास्केटवीव्ह तिरक्या ओळींत वर-खाली करत भरायचा. मागे चटईची वीण दिसते, जाळी फारशी ओढली जात नाही आणि वस्तू वर्षानुवर्षं टिकते.

बास्केटवीव्हची एक खूण सांगतो, ती पक्की ध्यानात ठेवा. मोनो कॅनव्हास नीट बघा. प्रत्येक छेदावर कधी उभा धागा वर असतो, कधी आडवा. उभा धागा वर असलेल्या छेदांवरून ओळ खाली उतरवायची, आडवा वर असलेल्यांवरून वर चढवायची. काम मधेच चार दिवस राहिलं तरी कुठल्या दिशेने जात होतो ते जाळीच सांगते. एका दिशेच्या दोन ओळी शेजारी आल्या तर पुढून तिथे बारीक चर दिसते, आणि धुतल्यावरही ती जात नाही.

ओकच्या_सावलीत
मी न्यू जर्सीहून. इथे नीडलपॉइंटची, म्हणजे या जाळीवरच्या भरतकामाची, दुकानं अजून टिकून आहेत. १३ आणि १८ च्या जाळीवर हाताने रंगवलेली चित्रं मिळतात, नाताळच्या झाडाला टांगायची छोटी लटकनं तर खूप. माझ्या गटातल्या बायका ती वर्षभर भरतात.

धावदोरा, तुमचं म्हणणं खुर्चीच्या गादीला लागू आहे. तीन-चार इंचांच्या वस्तूला मी एवढी बंधनं घालणार नाही. मी कसं ठरवते ते सांगते. चित्रात जिथे बारकावा आहे (चेहरा, हात, डोळा, अक्षर) तिथे टेंट, कारण एका छेदाइतका लहान दुसरा टाका नाही. जिथे रंग सलग आहे तिथे पोत आणते. आणि सगळ्या पोतांत एकच मुख्य. मी तीन इंची गणपती केला. चेहरा, सोंड, हात टेंटमध्ये. पितांबर बारीक तिरप्या गोबेलिनमध्ये, म्हणजे चुणीसारख्या रेघा आल्या. मागची पाटी मोझॅकमध्ये. तीन टाके झाले, पण गर्दी वाटत नाही, कारण पाटीचा मोझॅक शांत आहे आणि नजर पितांबरावर जाते.

लहान जागेत टाक्याचं पूर्ण घर (पुन्हा पुन्हा येणारा एक तुकडा) किती छेदांचं आहे ते बघायचं. मोझॅकचं घर २×२, त्यात तीनच टाके: लहान, मोठा, लहान. स्कॉचचं ३×३, पाच टाके. काश्मीरचं २×३. ज्या जागेत तुमचं घर किमान चार-पाच वेळा येणार नाही तिथे तो टाका घालूच नये. दीड घरात टाका कळत नाही, नुसता विस्कटलेला दिसतो.

धावदोरा
गणपती भिंतीवर किंवा झाडावर टांगणार, त्याला काहीही करा. पण प्रश्न कोस्टरचा आहे. मोझॅक मला मान्य, त्याचा मोठा टाकाही दोनच छेदांचा आहे. स्कॉचचा मधला टाका तीन छेदांवरून तिरका जातो. १३ वर तो आठ मिलिमीटर ओलांडतो.

ओकच्या_सावलीत
१८ वर सहाच्या आत राहतो. मग १८ वर करू द्या की.

धावदोरा
१८ वर हरकत नाही.

सातपुडा
दोघांनी मिळून १३ ची जाळी बाद केली. रानजाई, ती मला पाठवून द्या :)

खणवाली
मी बेळगावची. आमच्याकडे हा प्रश्न कसुतीने केव्हाच सोडवलाय, म्हणून लिहिते. कसुतीत चारच टाके. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा, जाताना एक टाका सोडून एक आणि येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, गाठ कुठेच नाही. मुरगी तीच रीत पण पायऱ्या-पायऱ्यांनी. नेगी लांब-आखूड धावदोऱ्याचा, विणल्यासारखा दिसणारा. आणि मेंथी, म्हणजे फुलीचा भरीव. धागे मोजून उभं, आडवं, तिरपं जायचं, छापलेली नक्षी नसते. एवढ्यावर गोपुर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन सगळं होतं. इरकल आणि काळ्या चंद्रकळेवर पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

मुद्दा असा की तिथे नक्षीच टाका सांगते. रेघ हवी तर गवंती, पायरी हवी तर मुरगी, भरायचं असेल तर मेंथी. रानजाई, तू मॅटीवर हात बसलेली आहेस. बुकमार्क कॅनव्हासवर करूच नकोस. मॅटीवर गवंतीत वृंदावन काढ. बुकमार्क दोन्ही बाजूंनी बघितला जातो आणि गवंती दोन्ही बाजूंनी सारखी असते. याहून चांगली जोडी सापडणार नाही. मात्र हे कॅनव्हासवर नेऊ नका. कसुतीची शोभा मोकळ्या सोडलेल्या कापडात आहे आणि कॅनव्हास मोकळा सोडला की नुसती जाळी दिसते.

रानजाई
खणवाली, बुकमार्कचा प्रश्न सुटला, मनापासून आभार! आईची एक इरकल आहे, पदरावर कसुती असलेली. त्यातला रथ बुकमार्कवर उभा बसेल का?

खणवाली
रथ रुंद असतो, बुकमार्कला उंच नक्षी लागते. गोपुर किंवा दीपमाळ घे. पदरावरची नक्षी उतरवताना मागच्या बाजूवरून मोज, वरचा दोरा फुगलेला असला की पुढून धागे दिसत नाहीत. चौकडीच्या वहीत आधी निम्मीच काढ. बहुतेक नक्ष्या मधल्या रेषेशी सारख्या असतात.

गणिती_काका
आकडेमोडीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लहान कामात खरी अडचण काठाशी येते. शेवटचं घर अर्धं राहतं.

चार इंच गुणिले १८ म्हणजे ७२ छेद. समजा स्कॉचचे चौकोन करायचे आणि मधे टेंटची एकेक रेघ सोडायची (हे दिसतं सुंदर, खिडकीच्या काचांसारखं). मग प्रत्येक घर ३ + १ = ४ छेदांचं, आणि शेवटी बंद करायला आणखी एक रेघ. म्हणजे एकूण छेद ४ च्या पाढ्यातला आकडा अधिक १ असाच हवा. ७२ चालत नाही, ७३ चालतो. पण ७३ मध्ये चौकोन येतात १८, सम संख्या, म्हणजे बरोबर मधोमध चौकोन येत नाही, रेघ येते. मधे फूल किंवा वेगळ्या रंगाचा चौकोन हवा असेल तर विषम संख्या घ्या: १७ चौकोन म्हणजे ६९ छेद, पावणेचार इंचांहून थोडं जास्त. किंवा १९ चौकोन म्हणजे ७७ छेद, सव्वाचार इंचांच्या आसपास. १३ च्या जाळीवर ५२ ऐवजी ५३ घ्या, तिथे १३ चौकोन येतात, विषम, मधला चौकोन आपोआप मिळतो.

तेव्हा माप आधी ठरवून नक्षी त्यात कोंबू नये. घर ठरवावं, विषम संख्येने गुणावं, जे माप येईल तोच कोस्टर. कप काही तक्रार करत नाही.

चिंचपेटी
काका, हे आधी कुणी सांगितलं असतं तर किती काठ उसवायचे वाचले असते सगळ्यांचे! यात एक भर. स्कॉचचे चौकोन सगळे एकाच दिशेला तिरपे घालू नका. एक डावीकडे, एक उजवीकडे असे आलटून पालटून घाला. रंग एकच ठेवला तरी उजेड वेगवेगळा पडून बुद्धिबळाचा पट दिसतो. शिवाय ओढ दोन्हीकडे वाटली गेल्याने जाळी वाकडी होत नाही. एका रंगात दोन छटा फुकट.

नीलमोहर
नक्षीच्या बाजूने लिहिते, कारण इथे सगळे टाक्यांवरच आहेत.

आपल्या काठांमध्ये मोजून भरायच्या नक्ष्या तयार पडल्या आहेत. साडी मागावर विणली जाते, म्हणजे तिची नक्षी मुळात उभ्या-आडव्या धाग्यांच्या हिशोबातच बसवलेली. तिला चौकडीवर आणताना फारसं बिघडत नाही. छापील फुलांच्या चित्राचं तसं नसतं. विदर्भातल्या टसरच्या साडीचा करवती काठ बघा, करवतीच्या दात्यांचा. तो सरळ बारजेलोमध्ये उतरतो. बारजेलो म्हणजे उभे टाके, सहसा चार धाग्यांचे, आणि पुढचा टाका दोन धागे वर किंवा खाली. चढत गेलं की शिखर, उतरत गेलं की दरी. फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात अशा भरतकामाच्या जुन्या खुर्च्या आहेत, रंगांच्या लाटाच लाटा. आपण तीन छटा घेतल्या तरी करवती काठ होतो: गडद, मध्यम, फिकी. पायरी सारखी ठेवली की दाते टोकदार. शिखराशी दोन-तीन टाके एकाच उंचीवर ठेवले की गोलसर लाट.

पैठणीतली अश्रफी म्हणजे गोल नाणं, ते छोट्या जागेत कठीण. गोल नीट दिसायला माझ्या मते किमान अकरा-बारा छेद रुंदी हवी, त्याखाली अष्टकोन होतो. मुनिया (पोपट) १८ वर दीड इंचात छान बसते. बांगडी मोर कोस्टरच्या नादाला लागू नये, तो मोठाच हवा.

रंगांचं म्हणाल तर दोऱ्याच्या लडी शेजारी ठेवा, फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. दोन रंग सारखेच करडे दिसले तर लांबून ते एकमेकांत मिसळणार. मोरपंखी आणि राणी रंग साडीत कसे उठून दिसतात, पण अनेकदा फोटोत एकच करडा होतात. मधे सोनेरी किंवा मोतिया रेघ घालावी लागते.

फुलवात
मला वारली करायची आहे कोस्टरवर. दोन त्रिकोण, काड्यांचे हातपाय, चौकडीवर सोपं पडेल ना?

ओकच्या_सावलीत
दिसतं तितकं नाही. टेंट स्टिच एकाच बाजूला झुकलेला असतो, खाली डावीकडून वर उजवीकडे. त्यामुळे त्या दिशेची तिरपी रेघ सलग दिसते आणि उलट दिशेची रेघ सुट्या ठिपक्यांची दिसते. वारलीचा एक हात रेघेसारखा, दुसरा मोत्यांच्या माळेसारखा! जे जे दोन्ही बाजूंनी सारखं दिसायला हवं (स्वस्तिक, समोरासमोरचे मोर, वारली) त्याला क्रॉस स्टिच घ्या, तो दोन्हीकडे सारखा झुकतो. किंवा गेरू रंगाची जमीन टेंटमध्ये भरून हातपाय वरून पांढऱ्या दोऱ्याने उलट्या टिपेने काढा. तारप्याभोवतीचा गोल नाच मात्र कोस्टरवर नको, वर नीलमोहर म्हणाल्या तसं वर्तुळाला जागा लागते.

फुलवात
उलटी टीप घालते मग. टिपेचा दोरा किती पदरी?

ओकच्या_सावलीत
१८ वर दोन पदर. एका पदराने रेघ जमिनीत बुडते.

माडाखाली
मडगावहून. चौकोनी कोस्टरचा विषय आहे तर आमच्याकडची एक गोष्ट सुचवते. पणजीत जुन्या घरांवर, फोन्तेन्हासच्या बाजूला, पोर्तुगीज पद्धतीच्या निळ्या-पांढऱ्या फरशा दिसतात, अझुलेजो. इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशाशी तर भिंतभर चित्र आहे. ते चित्र आपल्या कामाचं नाही, फार बारीक. पण अशा फरशांचे काठ आणि एकाआड एक जुळणाऱ्या नक्ष्या कोस्टरला अगदी योग्य. एका फरशीवर पाव फूल असतं, चार फरशा जवळ आल्या की पूर्ण फूल होतं. सहा कोस्टर तसे केले तर रुखवतात २×३ मांडून एक सलग नक्षी दिसेल आणि नंतर प्रत्येक सुटाही वापरता येईल.

फक्त प्रत्येक कोस्टरवर चारही कोपऱ्यांत पाव फूल हवं आणि चारही सारखी हवीत, म्हणजे कसेही फिरवून मांडले तरी जुळतात. इथे काकांचा नियम जरा बदलतो. फूल अर्ध्यावर तुटतं म्हणून काठाची रेघ घालू नका.

गणिती_काका
बरोबर. कोपऱ्यातलं पाव फूल काठाला भिडलं पाहिजे. आणि टेंटच्या झुकण्याचा मुद्दा इथेही येतो. चार कोपऱ्यांतली पाव फुलं टेंटमध्ये सारखी दिसणार नाहीत. फूल क्रॉसमध्ये किंवा प्रत्येक कोपऱ्यात दिशा बदललेल्या मोझॅकमध्ये करावं लागेल.

रानजाई
माडाखाली, ही कल्पना इतकी आवडली की दुपारभर चौकड्याच काढत बसले. भाचीलाही दाखवली, ती निळ्यावर ठाम आहे.

दोऱ्याचं विचारायचं राहिलं. माझ्याकडे नेहमीच्या सहापदरी सुती लडी आहेत. लोकर घ्यावी का?

चिंचपेटी
कोस्टरला लोकर नको. चहा सांडला की शोषून बसते, वाळायला वेळ, वर कसरीची भीती. सुतीच घे. १८ वर टेंटसाठी चार ते सहा पदर, दोऱ्याच्या जाडीवर ठरतं. १३ वर सहा पदर बहुधा अपुरे पडतात आणि जाळी मधून डोकावते. तिरपा टाका जाळीचा छेद झाकतो, उभा टाका दोन धाग्यांच्या मधे पडतो, म्हणून बारजेलोला नेहमी टेंटपेक्षा जाड दोरा लागतो. हे न सांगता लोक दोन्हीला तेवढेच पदर घेतात आणि मग टाक्याला दोष देतात.

सहा पदर एकदम ओवू नकोस. एकेक सुटा कर, मग एकत्र घे. पीळ निघतो आणि दोरा पसरून जागा भरतो. फरक डोळ्यांना लगेच कळेल. दोरा हातभरच घे. जाळीच्या भोकांतून घासून लांब दोऱ्याची लव निघते.

नीलमोहर
गडद निळा पांढऱ्या जाळीवर भरणार असशील तर आधी त्या भागावर निळा ॲक्रिलिक रंग पातळ करून लाव आणि पूर्ण वाळू दे. मग कुठे फट राहिली तरी पांढरी चमकत नाही. रंग पाण्याने न सुटणारा आहे ना ते कोपऱ्यात ओला बोळा लावून आधी बघ. तेच गडद दोऱ्यांचं. ओल्या पांढऱ्या कापडात रात्रभर गुंडाळून ठेव, डाग पडला तर ती लड या कामात नको.

मनमोर
नाव घालायचं असेल तर? बुकमार्कवर भाचीचं नाव छान दिसेल.

धावदोरा
देवनागरीला उंची लागते. शिरोरेषा एक छेद, अक्षर सात-आठ, वर वेलांटी-मात्रेला चार, खाली उकाराला चार. सोळा-सतराच्या खाली उतरलात तर ‘घ’ आणि ‘ध’ एकसारखे दिसायला लागतात. १८ वर ते पाऊण-एक इंच होतं. बुकमार्कच्या रुंदीत आडवं नाव बसणार नाही, अक्षरं एकाखाली एक लिहून शिरोरेषा तोडावी लागेल आणि ते मला पटत नाही. नुसतं आद्याक्षर घ्या, मोठं. शिरोरेषा टेंटमध्ये फार देखणी येते, आडवी रेघ हे टेंटचं बलस्थान आहे.

खणवाली
मॅटीवर गवंतीत रेघांनी लिहिलं तर आणखी लहान बसतं. अक्षर भरायचंच नाही, नुसती रेघ. दहा-अकरा घरांत वाचता येईल असं नाव होतं.

धावदोरा
हे मान्य.

सातपुडा
धावदोरा या धाग्यात तीन वेळा ‘मान्य’ म्हणाले आहेत, जाणकारांनी नोंद घ्यावी.

धावदोरा
दोनच वेळा! मोजून भरणारा माणूस आहे मी.

रानजाई
तीन-चार दिवस इथे आले नाही कारण नमुने भरत होते. एका १८ च्या तुकड्यावर मोझॅक, स्कॉच, टेंट, क्रॉस आणि बारजेलो प्रत्येकी एकेक चौरस इंच भरून बघितले. तुम्ही सगळ्यांनी जे लिहिलंय ते बोटांनाच कळलं. नखाने घासून बघितलं तर बारजेलोचा दोरा सर्वांत आधी उचलला गेला, मोझॅक हललाही नाही. प्रत्येक चौकोनाला लागलेला दोरा मोजून ठेवलाय, त्यावरून लडी किती लागतील ते निघालं.

ठरलं ते असं. कोस्टर १८ वर, निळे-पांढरे, कोपऱ्यांत पाव फूल दिशा बदललेल्या मोझॅकमध्ये आणि पांढरी जमीन बास्केटवीव्हमध्ये. म्हणजे पोत फुलाला, शांतपणा जमिनीला. पहिल्यांदा मला उलटंच करायचं होतं, जमिनीला पोत. पण भरून बघितल्यावर चार इंचांत जमिनीनेच फूल खाल्लं असतं. बुकमार्क मॅटीवर गवंतीत, दीपमाळ आणि नाव. चष्म्याच्या घराला काकांच्या खिडक्या, आलटून पालटून झुकलेल्या, एकाच मोरपंखी रंगात. लटकनांना करवती बारजेलो, आणि मधे एकेक ऱ्होड्स, कारण तिथे कप ठेवायचा नाही!

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं: वस्तू, मग तिचं माप, मग नक्षी, आणि टाका शेवटी. ओकच्या_सावलीत यांनी आधी टाका निवडला असता का, याची मात्र उत्सुकता आहे.

ओकच्या_सावलीत
लटकनांना हो! बारजेलोत नक्षी आणि टाका वेगळे काढताच येत नाहीत, तिथे तुमचा क्रम लागू पडत नाही. बाकी सगळ्याला पडतो.

फुलवात
फोटो टाका नक्की. आणि शेवटची जोडणी कशी करणार? माझं काम नेहमी तिथेच अडतं.

चिंचपेटी
सुरुवातीलाच चारही बाजूंना दोन-दोन इंच जाळी मोकळी सोड आणि कडेला चिकटपट्टी लाव, नाहीतर दोरा अडकत राहतो. भरून झालं की पाण्याचा हबका मारून ओलसर कर, जाड पुठ्ठ्यावर किंवा लाकडी पाटावर न गंजणाऱ्या टाचण्यांनी काटकोनात ताण आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नकोस. बास्केटवीव्ह असेल तर फार ताणावं लागत नाही.

मग जाळी मागे दुमडायची. दुमडताना कडेला दोन धागे न भरता ठेवायचे आणि त्यांच्यावरून, दुमडीला वळसा घालत, लांब पायाच्या क्रॉसने कड भरत जायची. वेणी घातल्यासारखी कड येते. चष्म्याच्या घराचे दोन्ही भाग याच टाक्याने एकमेकांना जोडता येतात, वेगळी शिवण लागत नाही. कोस्टरच्या मागे कॉर्कचा पातळ तुकडा लाव. फेल्ट लावलंस तर ओल धरून ठेवतं.

माडाखाली
एक लक्षात घे रानजाई, ही वेणी निळ्यात घातलीस तर सहा कोस्टर जवळ मांडल्यावर पाव फुलांच्या मधून निळी चौकट जाईल. पांढऱ्यात घाल, म्हणजे फुलं जुळतील.

रानजाई
पांढऱ्यातच. आणि वेणीची जाडी धरून फुलाची शेवटची ओळ एक छेद आत घ्यावी का, की काठापर्यंत भरू?

गणिती_काका
काठापर्यंत भरा. वेणी दुमडीच्या धाग्यांवर बसते, तुमच्या मोजलेल्या छेदांवर नाही. पण एक कोस्टर पूर्ण करून त्याच्याशेजारी दुसऱ्याची नुसती दुमडलेली कड ठेवून बघा, मगच बाकीचे कापा.